पाऊस पडला की समुद्रसाप वाढतात, की नुसते जवळ येतात?

खाडीमुख

मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात ट्रॉल (बोटीमागे ओढायचं जाळं) आणि गिलनेटमध्ये (पाण्यात उभं लावायचं जाळं) अडकणाऱ्या समुद्रसापांच्या नोंदी घेऊन त्या पावसाच्या आकड्यांशी जोडायच्या आहेत. दोनच जाती जास्त मिळतात, चोचीचा समुद्रसाप म्हणजे हायड्रोफिस शिस्टोसस आणि हायड्रोफिस कर्टस. पिवळ्या पोटाचा, म्हणजे प्लॅट्युरस, क्वचित आणि तोही बहुतेक किनाऱ्यावर वाहून आलेला.

बंदरावर सगळे एकच सांगतात: पाऊस चांगला झाला की साप जास्त. हे खरं धरायचं तर त्यामागे कारण काय? समुद्रात राहणाऱ्या सापाला गोडं पाणी लागतं, हे वाचनात आलंय, पण ते किनाऱ्याजवळच्या जातींना किती लागू पडतं? आणि पाण्याची क्षारता मोजायची तर कुठे, किती खोलीवर, पावसानंतर किती वेळात? रोजच्या पावसाचा आकडा आणि जाळ्यातला आकडा शेजारी ठेवून आलेख काढला तर चालेल का, की त्यात काही खोट आहे?

मीठग्रंथी

आलेख काढण्याआधी सापाच्या शरीरात काय चालतं ते बघू. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

समुद्रसापाच्या रक्तापेक्षा समुद्राचं पाणी साधारण तिप्पट तीव्र असतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूत्रपिंडाला रक्ताहून तीव्र लघवी करता येत नाही, त्यामुळे मीठ बाहेर टाकायला जिभेखाली वेगळी ग्रंथी असते. डन्सन आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये ती दाखवली. जीभ बाहेर काढली की खारट द्रव बाहेर ढकलला जातो. त्यानंतर बरीच वर्षं सगळ्यांनी गृहीत धरलं की ग्रंथी आहे म्हणजे साप समुद्राचंच पाणी पिऊन भागवत असणार. तसं नाही. ग्रंथी माशासोबत पोटात गेलेलं आणि कातडीतून शिरलेलं मीठ कसंबसं काढते, मुद्दाम प्यायलेल्या खाऱ्या पाण्याचा हिशेब तिला झेपत नाही.

हार्वी लिलीव्हाइट यांच्या गटाने तैवानजवळच्या ऑर्किड बेटावर सागरी मण्यारींच्या तीन जाती तपासल्या, ते काम 2008 मध्ये आलं. तहानेने सुकलेला साप समुद्राच्या पाण्यात ठेवला तरी पीत नाही, गोड्यात ठेवला की पितो. पाण्यात समुद्राचा वाटा 10 ते 30 टक्के असेल तरच ते निमखारं पाणी चालतं. पण सागरी मण्यार अंडी घालायला आणि अन्न पचवायला किनाऱ्यावर येते, म्हणजे ती अर्धी जमिनीवरची. त्यामुळे खरी परीक्षा आयुष्यभर पाण्यात राहणाऱ्या पिवळ्या पोटाच्या सापाची होती. ती कोस्टा रिकाच्या पापागायो आखातात झाली. 2012 च्या निष्कर्षानुसार तोसुद्धा समुद्राचं पाणी पीत नाही. शरीराचं वजन सरासरी 18 टक्क्यांनी घटेपर्यंत तो थांबतो आणि मग गोडं पाणी भरपूर पितो. म्हणजे मण्यारीच्या जवळजवळ दुप्पट तूट तो सहन करतो. काहींनी निम्मं समुद्राचं पाणी असलेलं मिश्रणही प्यायलं, पण बहुतेकांना त्याहून गोडं लागलं आणि पाचातला एक तर निव्वळ गोडं मिळेपर्यंत प्यायलाच नाही.

200 ग्रॅमचा साप घ्या. 18 टक्के म्हणजे 36 ग्रॅम, जवळजवळ अडीच मोठे चमचे पाणी. एवढी तूट अंगावर घेऊन तो शिकार करतो, पोहतो. त्याच आखातात कोरड्या ऋतूच्या शेवटी पकडलेल्या सापांमध्ये शरीरातलं पाणी कमी, अंग उतरलेलं आणि पिण्याची घाई जास्त आढळली. 2014 च्या निबंधात ही कोरड सहा ते सात महिने चालते असं म्हटलंय. 2017 साली पहिला पाऊस पडला त्या सुमारास पकडलेल्या सापांपैकी 80 टक्के प्रयोगशाळेत गोडं पाणी प्यायले. आठ दिवसांनी पकडलेल्यांपैकी फक्त 13 टक्के.

आता कोकण बघा. इथे ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाऊस जवळजवळ नसतो, म्हणजे साडेसात महिने. कोस्टा रिकापेक्षा जास्तच. फरक एवढाच की आपल्याकडच्या शिस्टोससला खाडीचं तोंड जवळ आहे. तो खाडीतला साप आहे, शिंगाळा आणि केंड हे त्याचं मुख्य खाणं. कर्टस त्या मानाने बाहेरच्या, खोल पाण्यातला. त्यामुळे दोन्ही जाती एका रकान्यात घातल्या तर पहिल्याच पायरीवर काम फसेल. पाऊस दोघांवर एकाच रीतीने परिणाम करेल असं मानायला काहीच आधार नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. गोडं पाणी समुद्रसापाला मारत नाही. फिलिपिन्समधलं ताल सरोवर गोड्या पाण्याचं आहे आणि तिथे हायड्रोफिस सेंपेरी राहतो. सॉलोमन बेटांतल्या रेनेल बेटावर टेगानो तळ्यात सागरी मण्यारीची स्वतंत्र जात आहे. पुराचं पाणी आलं म्हणून साप पळाले, हे उत्तर म्हणूनच घाईचं आहे. पळाले असतील तर मासे पळाले म्हणून.

रडारवरचा_ढग

आता पाण्याचं. पावसाचं पाणी हलकं, समुद्राचं जड, घनमीटरला साधारण 1000 विरुद्ध 1025 किलो. त्यामुळे पाऊस वर तरंगतो आणि पातळ थर बनतो. हा थर किती जाड, एवढाच प्रश्न आहे, आणि तो साध्या भागाकाराने सुटतो.

समुद्राची क्षारता 35 धरा, म्हणजे किलोभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ. 50 मिमी पाऊस पडला आणि तो वरच्या एक मीटरमध्ये सारखा मिसळला तर क्षारता 33.25 होते. सापाच्या दृष्टीने शून्य उपयोग. वारा पडलेला असेल आणि पाणी वरच्यावर राहिलं तर? निम्मं समुद्राचं पाणी चालतं असं धरलं तर 50 मिमी पावसातून 100 मिमी जाडीचा पिण्याजोगा थर. समुद्राचा वाटा 30 टक्केच हवा असेल तर 71 मिमी. 20 मिमी पावसातून अनुक्रमे 40 आणि 29 मिमी. म्हणजे बोट-दोन बोट ते वीतभराच्या आत. श्वास घ्यायला वर आलेल्या सापाचं तोंड नेमकं तिथेच असतं, म्हणून एवढा थर त्याला पुरतो.

म्हणूनच मिलिमीटरपेक्षा वारा महत्त्वाचा. जुलैत अरबी समुद्रावर नैऋत्येचा वारा सतत जोरात असतो, लाटा मोठ्या. झड लागते, पण थर बनतो आणि लगेच घुसळला जातो. त्याउलट मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरमधला परतीचा गडगडाटी पाऊस. आधी सुसाट वारा, मग तासभर सरळ धार, मग सगळं शांत. उघड्या समुद्रात पिण्याजोगा थर टिकायला ही वेळ जुलैपेक्षा चांगली. हा माझा तर्क आहे, सापांवर मोजून दाखवलेलं नाही. पण रोजच्या मिलिमीटरवर आलेख काढणाऱ्याने तो डोक्यात ठेवावाच, नाहीतर जुलैचे 150 मिमी आणि मेमधले 25 मिमी एका मापाने तोलले जातील. किनाऱ्यालगत गोष्ट वेगळी: तिथे नदीचं पाणी येतच राहतं, त्यामुळे लाटांनी मिसळलं तरी वरचा थर पुन्हा भरतो.

मोजायचं कसं. इथे बहुतेक जण बादलीवर फसतात. समजा वर 4 सेंटिमीटरचा 17.5 क्षारतेचा थर आहे, खाली 35. तीस सेंटिमीटर खोल बादली बुडवून भरली तर आत सरासरी येते 32.7. वहीत लिहिलं जातं ‘थोडी कमी’, आणि सापाला मिळालेलं पाणी हरवतं. बादली नको. 50 मिलीची सिरिंज घ्या, तिच्या तोंडाला हातभर नळी लावा, नळी आडवी धरून टोक पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवा आणि सावकाश ओढा. होडीच्या पुढच्या बाजूने, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबल्यावर. पंख्याने घुसळलेल्या पाण्यात मोजून काही मिळत नाही. नमुने तीन: पृष्ठभाग, 10 सेंटिमीटर, एक मीटर. हे तिन्ही पाऊस थांबल्यापासून तासाभरात, मग तीन तासांनी, मग सहा तासांनी.

हातातला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून क्षारता दाखवणारं यंत्र) या कामाला पुरतो, कारण 35 आणि 17 मधला फरक बघायचाय, 35 आणि 34.8 मधला नाही. दर वेळी डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावा, काच पुसून कोरडी करा, आधीच्या थेंबाचं मीठ सुकून बसलं तर पुढचा आकडा चढा येतो. आणखी एक: या यंत्रातली तापमानाची आपोआप दुरुस्ती साधारण 10 ते 30 अंशांपुरतीच असते. मेमध्ये डेकवर उन्हात ठेवलेलं यंत्र त्याच्या बाहेर जातं, म्हणून ते आणि नमुना दोन्ही सावलीत आणून मगच बघा. स्वस्तातला टीडीएस मीटर घेऊ नका, तो नळाच्या पाण्यासाठी आहे, समुद्राच्या पाण्यात त्याचा आकडा वरच्या टोकाला अडकतो.

उपग्रहाची क्षारता किनाऱ्याजवळ कामाची नाही, एकेक ठिपका चाळीसेक किलोमीटरचा आणि जमीन जवळ आली की बिघडतो. आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली तरंगती मोजयंत्रं, बहुतेक वरच्या पाचेक मीटरांत मोजतच नाहीत, म्हणजे तुमचा थर त्यांना दिसतच नाही. पावसाचा आकडा घेताना हवामान विभागाची तारीख नीट वाचा: दहा तारखेचा पाऊस म्हणजे नऊच्या सकाळी साडेआठपासून दहाच्या सकाळी साडेआठपर्यंतचा. दहाच्या पहाटे पाचला ओढलेल्या जाळ्याला तोच आकडा लावायचा, पण दहाच्या दुपारी पडलेला पाऊस अकराच्या खात्यात जातो. एका दिवसाने सरकलेल्या नोंदीत पाऊस-सापाचा संबंध कधीच दिसत नाही, मग लोक ‘संबंध नाही’ असं लिहून मोकळे होतात.

वजनकाटा

खाडीमुख, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, खोट आहे, आणि ती मोठी आहे.

यांत्रिक मासेमारीला महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै बंदी, 61 दिवस. (तारखा बदलू शकतात, तेव्हा प्रत्येक वर्षाची तारीख स्वतंत्र लिहा.) जोराचा पाऊस नेमका त्याच दोन महिन्यांत. म्हणजे पाऊस आणि बंदी हातात हात घालून येतात. ऑगस्टात पहिल्या फेऱ्यांना साप जास्त आले तर तीन गोष्टी एकाच वेळी झालेल्या असतात: गोडं पाणी मिळालं, दोन महिने ट्रॉलमध्ये कोणी गुदमरून मेलं नाही, आणि मासा किनाऱ्याकडे सरकला म्हणून जाळीही तिकडे लागली. यातलं नेमकं कोणतं कारण, हे एका वर्षाच्या नोंदीतून सांगता येणार नाही.

सोडवायचे दोन मार्ग. एक, बंदी सारखीच पण पाऊस वेगळा अशी वर्षं शेजारी ठेवा. देशाचा मॉन्सून 2014 मध्ये सरासरीच्या 88 टक्के होता, 2015 मध्ये 86, 2019 मध्ये 110. पण देशाचा आकडा घेऊ नका, कोकण-गोवा उपविभागाचा घ्या. देशात दुष्काळ आणि कोकणात ठीकठाक असं होऊ शकतं. दोन, बंदी बिगरयांत्रिक होडीला नाही. खाडीच्या तोंडाशी पारंपरिक जाळी जून-जुलैतही लागतात. त्यांच्या नोंदी कमी आणि विस्कळीत असतात, पण पावसाच्या ऐन काळातली खिडकी तेवढीच आहे. तीच आधी पकडा.

साप नुसते मोजू नका, मेहनतीने भागा. ट्रॉलला: साप भागिले प्रत्यक्ष ओढण्याचे तास, बंदर सोडल्यापासूनचे नव्हेत. गिलनेटला: साप भागिले (जाळ्याची लांबी गुणिले पाण्यातले तास). रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) वेगळी ठेवा, तिचं माप ओढीचं. शून्य साप आलेल्या ओढीही लिहा. तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारलं की तो साप आलेली ओढ सांगतो, बाकीच्या वीस विसरतो, आणि सरासरी फुगते. खोली वावेत सांगितली तर वावेतच लिहा, नंतर मीटर करा, जागेवर गुणाकार केला की चुका होतात.

जाती वेगळ्या ठेवायचा मुद्दा वर आलाच आहे, त्याला पुरवणी: सिंधुदुर्गात 2002-03 च्या कामात कर्टस सर्वांत जास्त होता. दीड दशकानंतरच्या कामात शिस्टोसस पुढे गेलेला दिसला. त्या पंधरा वर्षांत पाऊसही बदलला, ट्रॉलिंगही. एकूण सापांच्या आकड्यात ही अदलाबदल दिसलीच नसती.

आणि ‘संख्या वाढली’ हा शब्द फार सांभाळून. एका पावसाळ्यात प्रौढ सापांची संख्या वाढत नसते. गरोदरपण काही महिन्यांचं. शिस्टोससची मादी पिल्लं बरीच देते पण पहिल्या वर्षात बहुतेक टिकत नाहीत, कर्टस तर मोजकीच देतो. पावसाने खरोखर संख्या बदलत असेल तर ती पुढच्या एक-दोन वर्षांत, लहान सापांच्या प्रमाणात दिसेल. म्हणून प्रत्येक सापाची तोंडापासून गुदद्वारापर्यंतची लांबी घ्या. ऑगस्टात जास्त साप आले आणि सगळे प्रौढ असतील तर ते जागा बदलून आलेले. पुढच्या हंगामात लहान सापांचा लोंढा असेल तर मग संख्येबद्दल बोला.

खाडीमुख

हे फारच उपयोगी. बंदी आणि पावसाचा गुंता असा मनात आलाच नव्हता. दोन गोष्टी अजून. एक, पाऊस सोडून फक्त गोड्या पाण्याचा परिणाम बघता येईल अशी एखादी जागा आहे का? दोन, साप तहानलेला आहे का हे बंदरावरच कळेल असं काही सोपं माप?

वजनकाटा

पहिल्याला उत्तर आहे आणि ते तुमच्या जवळच आहे. वाशिष्ठी. कोयना धरणाचं पाणी पश्चिमेला वळवून पोफळीच्या बाजूला वीज काढून वाशिष्ठीत सोडतात. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी ठरवलंय. म्हणजे दाभोळच्या खाडीला भर मार्च-एप्रिलमध्येही घाटावरचं गोडं पाणी मिळतं. दक्षिणेला शेजारीच जयगडची खाडी, शास्त्री नदीची, तिला असं काही नाही, उन्हाळ्यात खारं पाणी आत खोलवर चढतं. पाऊस सारखा, बंदी सारखी, किनारा सारखा, फरक फक्त उन्हाळ्यातल्या गोड्या पाण्याचा. उत्तरेला अशीच दुसरी जोडी लावता येईल, कुंडलिका: तिला भिऱ्याच्या वीजगृहातून मुळशीचं पाणी मिळतं.

मार्च ते मे या तीन महिन्यांत दोन्ही तोंडांशी सारखी जाळी, सारखे तास, सारखी भरती. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराची छोटी भरती) वेगवेगळं मोजा, उधाणाला खारं पाणी वर चढतं आणि साप-मासे त्यासोबत हलतात. अमावस्येला एका खाडीत आणि अष्टमीला दुसरीत मोजून तुलना केली तर तुम्ही चंद्र मोजलात, पाणी नाही.

रडारवरचा_ढग

जोडी छान आहे, पण दोन खडे आहेत. वीजगृहाचं पाणी मागणीप्रमाणे सुटतं, संध्याकाळी जास्त, मध्यरात्री कमी, त्यामुळे खाडीत गोड्या पाण्याची लाट येते-जाते. एकदा मोजून भागणार नाही, एका पूर्ण दिवसात दर दोन तासांनी मोजावं लागेल. दुसरं, वाशिष्ठीच्या वाटेवर लोटे-परशुराम आणि कुंडलिकेवर रोहा-धाटाव, दोन्हीकडे रासायनिक कारखाने. दाभोळला साप कमी निघाले तर गोड्या पाण्याचा उपयोग नाही असं म्हणायचं की सांडपाण्याचा परिणाम आहे? विरघळलेला ऑक्सिजन तरी सोबत मोजाच.

आणि तळाचं पाणी विसरू नका. खाडीत वर गोडं, खाली खारं, असा दुमजली प्रकार असतो. शिंगाळा तळाशी, साप तळाशी चरतो, पण श्वासाला वर येतो. त्याला दर वेळी गोड्या मजल्यावरून जावंच लागतं. म्हणून ‘तळाची क्षारता 30 आहे म्हणजे इथे गोडं पाणी नाही’ हा निष्कर्ष चूक.

पावसाळ्याच्या शेवटी आणखी एक घडतं, किनाऱ्यापासून बाहेर. पावसाने हलका झालेला 5-10 मीटरचा थर वर असतो आणि त्याखाली तळातून वर येणारं, ऑक्सिजन संपत आलेलं थंड पाणी. गोव्याच्या शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे ठळक असतं, 2000 पासून त्यावर बरंच लिहिलं गेलंय. वरचं झाकण असल्यामुळे खालचं पाणी हवेशी मिसळत नाही. साप हवेवर जगतो, त्याला थेट त्रास नाही. पण तळाचा मासा किनाऱ्याकडे किंवा वर सरकतो आणि साप मागून जात असणार. ऑगस्ट-सप्टेंबरात ‘साप जवळ आले’ असं जे ऐकू येतं त्याचं हे एक कारण असू शकतं, त्यात तहानेचा काही संबंध नाही.

मीठग्रंथी

तहानेच्या मापाबद्दल. तत्त्व सोपं आहे, हात मात्र सराईत हवेत आणि वनखात्याची परवानगी आधी हवी. समुद्रसाप वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मोजायला म्हणून घरी नेता येत नाहीत.

साप जिवंत, न जखमी हवा. ट्रॉलमध्ये दोन तास दबून आलेला साप निकामी, त्याच्या फुप्फुसात पाणी गेलेलं असतं आणि वजन खोटं येतं. गिलनेट लवकर काढून मिळालेला किंवा हातजाळीने उचललेला घ्या. टॉवेलने अंग नीट टिपा, प्रत्येक सापाला सारखंच, कारण खवल्यांत अडकलेलं पाणी दोन-तीन ग्रॅम सहज असतं. सुती पिशवीत घालून 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन. पिशवी दर वेळी वेगळी तोला, ती भिजत जाते. मग तासभर गोड्या पाण्याच्या टबात. नळाचं क्लोरीन असलेलं पाणी नको, रात्रभर उघडं ठेवलेलं किंवा विहिरीचं. पुन्हा टिपा, पुन्हा तोला. वाढलेलं वजन म्हणजे प्यायलेलं पाणी. मधल्या तासात विष्ठा किंवा लघवी झाली तर आकडा कमी येतो, टबाचा तळ बघून तसं लिहा. अशी एक तरी जोडी समुद्राच्या पाण्याच्या टबातही करा, नाहीतर कातडी भिजल्याने वजन वाढलं की पिण्याने, हे कोणी विचारलं तर उत्तर नसेल.

लांबीच्या मानाने वजन, म्हणजे अंगाची भर, हेही माप वापरतात, पण पोटात मासा असेल किंवा मादी गरोदर असेल तर ते फसवतं. शिंगाळा गिळलेला शिस्टोसस लांबूनच कळतो, मधोमध गाठ दिसते. तो वगळा.

सुरक्षेचं दोन वाक्यांत, कारण हे काम करताना लोक निष्काळजी होतात. शिस्टोससचं विष जीवघेणं आहे, स्नायू मोडतं, लघवी काळपट होते, आणि आपल्याकडे मिळणारं चार सापांवरचं प्रतिविष समुद्रसापावर चालत नाही. चावला तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, अवयवाला रुंद पट्टी गुंडाळून (दोरीने करकचून बांधून नव्हे), हालचाल न करता थेट मोठ्या रुग्णालयात, जिथे डायलिसिसची सोय आहे.

बेटावरचा

उशिरा आलो, पण ‘पाऊस कमी झाला म्हणून साप संपले’ हे बाहेर कुठे दिसतं का, असा प्रश्न पुढे येणारच, म्हणून.

पसरण्याच्या नकाशात तहानेची सावली दिसते. समुद्रसापांच्या जाती जिथे भरपूर आहेत ते पट्टे पावसाचे आणि कमी क्षारतेचे आहेत, इंडोनेशिया-मलेशियाचा उथळ समुद्र वगैरे. 2012 मध्ये ब्रिशू आणि सहकाऱ्यांनी क्षारता आणि सापांचा पसारा यांचा संबंध मांडला. तांबड्या समुद्रात क्षारता 40 च्या घरात, नद्या नाहीत, पाऊस नाही, तिथे समुद्रसाप नाहीत. अटलांटिकमध्येही नाहीत, पण तिथे एकट्या पावसाला धरून चालत नाही: पनामाची भूमी तीसेक लाख वर्षांपूर्वी जोडली गेली, आणि आफ्रिकेच्या टोकाला थंड बेंग्वेला प्रवाह आणि नामिबचा कोरडा किनारा. थंडी आणि तहान दोन्ही आडव्या येतात.

उतरणीचं उदाहरण म्हणून तिमोर समुद्रातलं अ‍ॅशमोर रीफ देतात. तिथे एके काळी एका फेरीत चाळीस-पन्नास साप दिसायचे, नऊहून जास्त जाती, आणि 2013 पर्यंत उथळ पाण्यातले संपल्यात जमा. कारण अजून ठरलेलं नाही. पावसाचा मुद्दा मांडला गेलाय, पण मासेमारी, प्रवाळाचं विरंजन, रोग हेही टेबलावर आहेत. शिवाय 2021 मध्ये तिथेच 67 मीटर खोलीवर आखूड नाकाचा समुद्रसाप दिसला, जो तिथून गेला असं धरलं होतं. उथळात मोजून ‘नाही’ म्हणणं किती कच्चं असतं याचा तो नमुना. तुमच्या कामात ‘एप्रिलमध्ये साप कमी’ असं निघालं तर आधी हेच विचारा: कमी आहेत, की जाळं लागतं त्या खोलीवर नाहीत?

न्यू कॅलेडोनियात सागरी मण्यारी पावसाची सर आली की बिळातून बाहेर येऊन पाणी पितात, हे 2008 मध्ये नोंदलंय. तिथे पाऊस पडताच मोजणी केली तर संख्या एकदम ‘वाढते’. बेटावरचे साप तेवढेच, फक्त तहान भागवायला बाहेर आलेले.

शेवटी एक छोटं पण कोकणात फार होणारं. जून-जुलैत किनाऱ्यावर वाहून आलेले सगळे साप समुद्रसाप नसतात. पुरात दिवड, धामण, कधी अजगरसुद्धा खाडीतून समुद्रात जातो. खाडीतला कुत्रातोंड्या पाणसाप आणि खरखरीत कातडीचा फाइल स्नेकही जाळ्यात येतात. नोंदवहीत ‘साप-1’ लिहिलेलं नंतर कोणालाच ओळखता येत नाही. शेपटीचा फोटो घ्या, बाजूने. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, दिवडीची आणि कुत्रातोंड्याची गोल. फाइल स्नेकची किंचित दबलेली, पण अंग सैल, कातडी खरवडल्यासारखी.

खाडीमुख

ठरलं असं: मार्चपासून दाभोळ आणि जयगड, उधाण-भांग वेगळे, सिरिंजने तीन खोल्यांवर क्षारता, सोबत ऑक्सिजन, दोन्ही जाती स्वतंत्र, शून्याच्या ओढींसकट. जून-जुलैसाठी बिगरयांत्रिक होड्यांच्या तांडेलांना प्रत्येकी एक छापील तक्ता, त्यात शेपटीचं चित्र. वजनाचा भाग परवानगी मिळेपर्यंत बाजूला. एकच शंका उरली, सिरिंजची नळी होडीच्या हेलकाव्यात पृष्ठभागाला टेकवून धरायची कशी?

रडारवरचा_ढग

हातात धरूच नका. थर्माकोलचा पाव इंच जाडीचा तुकडा, मध्ये भोक, त्यातून नळीचं टोक खाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर येईल असं बसवा. तुकडा लाटेबरोबर वर-खाली होतो आणि टोक त्याच थरात राहतं. दोरी दोन मीटर ठेवा, होडीच्या बाजूला आपटून येणाऱ्या पाण्यापासून लांब. पहिले 20 मिली ओढून टाकून द्या, नळीत आधीचं पाणी असतं.